परवा सांगतो

दगडूबांना शुक्रवारी सिनेमा कसा वाटला हे विचारण्यात काही अर्थ नसे. बाराचा खेळ सुटला की ते टॉकीजच्या पायऱ्यांवर उन्हानं डोळे बारीक करून उभे राहायचे, सायकल स्टँडवाल्याकडे ठेवलेली आपली काठी परत घ्यायचे, आणि मी वही उघडून पुढे झालो की हाताचा पंजा दाखवायचे. "आज नाय साहेब. परवा सांगतो." एवढं बोलून बजाजनगरची बस धरायला निघून जायचे.

आणि परवा, म्हणजे रविवारी, खरोखर सांगायला यायचे. वाळूजच्या बजाजनगरहून शहरात, दोन बस बदलून, धुतलेला सदरा घालून. आमच्या दैनिकाच्या कचेरीत आले की काठी दाराबाहेर भिंतीला टेकवायचे, पाणी प्यायचे आणि मग बोलायचे. एका सिनेमावर मत द्यायला इतकी तयारी करून आलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझा भाचा हल्ली मध्यंतरातच फोनवर चांदण्या वाटून मोकळा होतो. त्याला मी काही बोलत नाही. त्या विषयात बोलायचा अधिकार मी फार पूर्वी घालवला आहे, आणि तो कसा घालवला हेच आज सांगायचं आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. एका स्थानिक दैनिकात उपसंपादक. ते दैनिक आता बंद पडलं आहे. पुरवणीत माझं एक सदर होतं, 'बाहेर पडता पडता'. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिला खेळ सुटताना शहागंजच्या अलीकडच्या जुन्या टॉकीजच्या दारात उभं राहायचं, पाच प्रेक्षकांना गाठायचं, नाव, धंदा आणि राहायचं ठिकाण विचारायचं, दोन-दोन ओळींत त्यांचं मत लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत पान लावायला द्यायचं. शनिवारी सकाळी छापून यायचं. लोक पहिलं पान सोडून आधी माझं सदर वाचतात असा माझा पक्का समज होता. सव्विसाव्या वर्षी असे समज फार स्वस्तात होतात.

दगडूबा मूळचे सोयगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते, शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी अर्धाच दिवस काम. खोकी उचलून उचलून पाठीचा कणा धरला होता, त्यामुळे ते वळायचे ते सगळे एकदम वळायचे, कपाट फिरवावं तसे. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्या काळी कचेरीत त्यांच्यामागे बोलताना मी त्यांना 'आपला तो दगडूबा' म्हणत असे. तोंडावर मात्र 'तुम्ही'. आता मागेही एकेरी बोलवत नाही.

त्यांची माझी पहिली भेट एका मारधाडीच्या हिंदी सिनेमाला झाली. मत विचारलं तर म्हणाले, परवा. मला वाटलं, टाळतायत. पण रविवारी दुपारी खरंच कचेरीच्या दारात हजर. "तो हिरो वीस मान्सांला एकटा मारतो," ते म्हणाले. "मारू द्या, आपलं काय म्हननं नाय. पन ती वीस मान्सं एका मागं एक कामून येत्यात? येकानं मार खाऊस्तोर दुसरा थांबून ऱ्हातो. आवो, मेंढरं बी आशी रांगंनं येत नाय."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांना ते विनोदी वाटलं नव्हतं, त्यांना ती सिनेमातली चूक वाटली होती. पुढच्या शनिवारी मी ते मत 'मागच्या आठवड्याचं एक मत' म्हणून छापलं आणि सोमवारी वाचकांची चक्क पत्रं आली. तेव्हापासून दगडूबा आमच्या पानावर दर आठवड्याला, एक आठवडा उशिरा, येऊ लागले. सोबत छापायला त्यांचा एक फोटोही काढून ठेवला. फोटो काढताना त्यांनी काठी हातात घेऊ का असं विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या की.

त्यांची बघण्याची रीत वेगळी होती. बाकी लोक पडद्यावर तोंडं बघतात, दगडूबा पाय बघायचे. एका कौटुंबिक सिनेमात नायिकेला आई गेल्याची बातमी कळते आणि ती धावत घरी येते. सगळं टॉकीज हुंदके देत होतं. दगडूबा रविवारी येऊन म्हणाले, "ती पळत आली, दारात थांबली, चपला काढून कडंला जोडीनं लावल्या आन् मंग रडली. माय मेलेली बाई चपला जोडीनं लावती व्हय?" मी तो सिनेमा पुन्हा जाऊन पाहिला. खरंच जोडीनं लावल्या होत्या.

"पाय खोटं बोलत नाय साहेब," असं ते एकदा म्हणाले होते. "त्वांडाला सवय आसती." हे मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं, सदरात कुठेतरी वापरावं म्हणून.

बजाजनगरच्या मैदानावर रोज सकाळी ड्यूटीआधी ते कामगारांच्या मुलामुलींना काठी फिरवायला शिकवत. दहा-बारा मुलं, त्यात चार मुली. एकदा त्यांनी फार आग्रहानं मला बोलावलं म्हणून गेलो. मला वाटलं होतं, गरागरा फिरणाऱ्या काठ्या बघायला मिळतील. तिथे मुलं ओळीनं उभी होती आणि एकेक जण आपली काठी जमिनीवर ठेवत होता. नुसती ठेवत होता. काठी टेकताना आवाज झाला की दगडूबा म्हणायचे, "वाजली. पुन्हा." महिनाभर हाच धडा असतो असं कळलं. काठीला ते दर रविवारी करडईचं तेल पाजत, आणि मुलांनाही पाजायला लावत.

मी विचारलं, "मारायला कधी शिकवता?"

"मारायला?" ते एकदम सगळे वळले. "मेंढराला काठी मारायची नसती, दावायची आसती. ज्याला गुपचूप ठिवता येती त्यालाच उचलाया द्यायची."

मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी मोठ्या ऐटीत एक फेरा घेतला आणि स्वतःच्याच नडगीवर हाणून घेतली. मुलं खो खो हसली. दगडूबांनी मुलांना दटावलं, "हसू नका, साहेब नवीन हायत," आणि खाली बसून माझी नडगी तळहातानं चोळली. त्या दिवशी मला हसणाऱ्यांना गप्प करणारा तो एकच माणूस होता. ही आठवण पुढे मला फार नडणार होती.

त्याच मैदानाला लागून एक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक सकाळी फिरायला निघत. त्यांनी चार-सहा महिने हा वर्ग लांबून पाहिला आणि एक दिवस दगडूबांना बोलावून सांगितलं, जूनपासून शाळेत रोज सकाळी अर्धा तास काठी शिकवा, आमच्या शिक्षकांच्या यादीत तुमचं नाव लावतो. खोकी उचलणाऱ्या माणसाला हे काय वाटलं असेल! ते मला सांगायला मुद्दाम आले. सांगताना आवाज खाली गेला होता. "शाळंत सगळ्यांला सर म्हनत्यात. मला बी म्हनतील." त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, त्यांना घरी आत्तापासूनच छळायला सुरुवात केली होती. "सर, जेवाया या. सर, पानी भरून आना." हे सांगताना ते लाजले. मग खिशातून रुमालात बांधलेली एक पितळी शिट्टी काढून दाखवली. मैदानावर लागेल म्हणून घेतली होती, पण अजून वाजवली नव्हती. जूनमध्ये वाजवायची म्हणाले.

एप्रिलच्या एका शुक्रवारी टॉकीजला तो चिनी सिनेमा लागला. हिंदीत आवाज घातलेला. त्यातली माणसं तलवारी घेऊन बांबूच्या शेंड्यांवर उभी राहायची, तळ्याच्या पाण्यावरून पळायची आणि एका कौलावरून दुसऱ्या कौलावर उडत जायची. एक पांढऱ्या केसांचा म्हातारा गुरू होता, त्याच्या हाती तलवार नव्हती, नुसती काठी. गावभर भिंतींना पोस्टर लागली होती आणि पहिल्या खेळाला अशी गर्दी की सायकल स्टँड भरून सायकली रस्त्यावर आल्या.

खेळ सुटल्यावर मतांचा पाऊस पडला. एक रिक्षावाला म्हणाला, "क्या उड़ते मियाँ! पानी पे चलते बोले तो हमना हौला, येडा समझे क्या? पर पैसा वसूल." कॉलेजातला एक विद्यार्थी नाकावर चष्मा सरकवत म्हणाला, "सगळं तारांवर लटकवून केलेलं आहे, मला दोन ठिकाणी तार दिसली." सोयगावहून मुलीकडे आलेल्या एका बाई म्हणाल्या, "त्या बाईचं नेसनं एवढं पायघोळ, आन् उडताना येकदा बी पायात नाय आलं. आमी पायरी चढताना पडतो." शहागंजातल्या एका शिंप्याला त्या नेसण्याचं कापड कोणतं ते जाणून घ्यायचं होतं. चार झाले. पाचवे दगडूबा. ते शेवटी बाहेर आले, अगदी शेवटी, टॉकीज रिकामं झाल्यावर. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. देवळातून आल्यासारखा. मी वही पुढे केली.

"परवा," ते म्हणाले.

"दगडूबा, आज एकच ओळ द्या. काठीचा सिनेमा आहे, तुम्ही नाही बोलायचं तर कोणी?"

"म्हनूनच आज नाय साहेब. पोटात उतरू द्या."

कचेरीत आलो तर आमचे संपादक, आप्पा, माझीच वाट बघत होते. "आज दगडूबा पाहिजे. फोटो मोठा घेऊ. काठीवाला माणूस आणि काठीचा सिनेमा, असा योग पुन्हा येत नाही." मी सांगितलं, ते रविवारी बोलतील. आप्पा म्हणाले, "शिळं मत कशाला? तुला त्याची बोली पाठ आहे की. दोन ओळी तूच लिही. तो काय म्हणणार आहे ते तुला माहीत नाही का?"

मला माहीत होतं असं मला वाटलं. इथे मी आप्पांवर ढकलू शकतो. इतकी वर्षं ढकलतही आलो. पण आप्पांनी दोन ओळी सांगितल्या होत्या, मी सहा लिहिल्या. आणि कोणी बंदूक लावली नव्हती, मजेत लिहिल्या. छापलेला मजकूर असा होता:

"लई भारी पिच्चर! म्या तीनदा शिट्टी वाजिवली. ती चिनी मान्सं उडत्यात तर आपुन कामून नाय? जूनपास्नं शाळंत मास्तर हुनार हाय म्या. समद्या पोरांला पान्याच्या टाकीवरून उड्या मारायला शिकिवतो. ज्याला पंख फुटतील त्यो पास, बाकीचे नापास! — दगडूबा, लाठीमास्तर, बजाजनगर."

शिट्टी, शाळा, जून. जे त्यांनी मला लाजत लाजत सांगितलं होतं तेच मी उचललं होतं. शनिवारी सकाळी मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. कचेरीत लोक टेबलापाशी येऊन टाळ्या देऊन गेले. चहाच्या टपरीवर एक जण तो मजकूर मोठ्यानं वाचत होता. मी तिथे उभा राहून ऐकला आणि दुसरा चहा घेतला.

रविवारी दुपारी दगडूबा आले. धुतलेला सदरा, भिंतीला टेकवलेली काठी. मी टेबलावरचा शनिवारचा पेपर खणात सरकवला. पण त्यांनी पेपर पाहिला नव्हता. "काल कंपनीत लोकं उगंच हसत व्हती माझ्याकडं बघून," ते बसता बसता म्हणाले. "कुनी म्हनं, पंख फुटले का? म्या इचारलं काय झालं, तर सांगंनात." उजव्या गुडघ्यावर पायजमा फाटला होता आणि आत खरचटलं होतं.

मग त्यांनी त्यांचं मत सांगितलं. मी खाली मान घालून लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि त्यातलं अक्षर शेवटी शेवटी माझं वाटत नाही.

"साहेब, ती मान्सं तारंवर उडत्यात हे मला बी कळतं. कालेजातलं पोरगं पायरीवर उभं ऱ्हाऊन सांगत व्हतं, म्या ऐकलं. उडनं खोटं हाय. पन तुमी त्या म्हाताऱ्याचं उतरनं बघितलं का? त्यो कौलावरून खाली येतो तवा टाच टेकत नाय. आधी चवडा, मंग बोटं पसरतो, मंग गुडघा वाकतो, आन् सगळ्यात शेवटी काठी टेकतो. आवाज नाय. तार मान्साला वर उचलंल, पन असं उतरवनार नाय. ते त्याचं त्यालाच शिकावं लागलं आसंन. लई वर्सं घातली त्यानं. म्या काल ड्यूटी सुटल्यावर सांजंपर्यंत मैदानाच्या भिताडावरून उड्या टाकून बघितलं. तीस-चाळीस बारी. येकदाच जमलं, आवाज न होता. येकदाच. बाकी दर बारी पडलो." त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. "तर माझं मत आसं लिवा, उडनं खोटं, पन उतरनं खरं. आन् आजून एक लिवा. शाळंत म्या पोरांला उडाया नाय शिकवनार. उतराया शिकवनार."

मी लिहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. पेपर माझ्या टेबलाच्या खणात होता, हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, "छान. पुढच्या शनिवारी बघू." ते पाणी पिऊन निघून गेले. जाताना काठी उचलल्याचाही आवाज झाला नाही.

ते मत मी छापलं नाही. छापता येतच नव्हतं. आदल्या शनिवारी उडायला शिकवतो म्हणणारा माणूस या शनिवारी उतरायला शिकवतो म्हणाला, तर लोक विचारणार, यातला खरा कोण?

बुधवारी दुपारी दगडूबा पुन्हा आले, ड्यूटी बुडवून. बरोबर पारूबाई होत्या, हातात घडी घातलेला शनिवारचा पेपर. तोवर सगळं होऊन गेलं होतं. सोमवारी मैदानावर तीनच मुलं आली. मंगळवारी एकही नाही. हा बाबा पोरांना टाकीवरून उड्या मारायला लावणार, असं घरोघर झालं होतं. काहींनी ते हसून घेतलं होतं, काहींनी खरंच धास्ती घेतली होती, पण मुलं दोघांनीही काढून घेतली. मुख्याध्यापकांनी दगडूबांना बोलावून सरळ सांगितलं होतं, पालक माझ्याकडे येतायत. तुम्ही हे बोलला नाही अशा दोन ओळी पेपरवाल्यांकडून लिहून आणा, आपलं ठरलं ते कायम.

दोन ओळी. ज्या माणसानं सहा लिहिल्या होत्या त्याच्याकडे ते दोन ओळी मागायला आले होते.

बोलल्या पारूबाई. "भाऊ, हे आमचं मानूस बोललं नाय."

मी समोरचे कागद सारखे करत राहिलो.

"ह्यो शुक्रवारी त्वांडच उघडत नसतो. मला बघाया आलते तवा माझ्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय का? तर म्हनले, परवा सांगतो. आन् उठून गेले! माझ्या मायच्या घशाखाली दोन दिस घास उतरला नाय." दुसरी कुठली वेळ असती तर मी ही गोष्ट सदरात घातली असती. "ज्यानं माझ्यासाठी दोन दिस घेतले, त्यो पिच्चरसाठी पायरीवर उभं ऱ्हाऊन एवढं बडबडंल व्हय? शिट्टी तर अजून वाजिवली बी नाय त्यानं. तुमी तेवढं लिवून द्या भाऊ."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आप्पा आत बसले होते आणि त्यांच्या कागदांचा आवाज थांबला होता. मत बनावट होतं असं कचेरीच्या कागदावर लिहून दिलं तर सदर जाणार, आणि बहुधा नोकरीही. आप्पा माझ्या बाजूनं उभे राहणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणणंही खोटं ठरेल. माझं तोंड आपोआप बोललं. तोंडाला सवय होती.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "खेळ सुटल्यावर बोलले ते. गर्दी होती, मजेमजेत बोलून गेले. त्यांच्या लक्षात नसेल."

पारूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दगडूबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर टेबलाखाली होती. मला कळलं आणि मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग ते म्हणाले, "छापलंय म्हंजी बोललो आसंन, पारू. साहेब खोटं कशाला लिवतील? पिच्चर बघून डोकं फिरलं व्हतं त्या दिशी." आणि उठले. पारूबाईंनी पेपरची घडी माझ्या टेबलावर ठेवली. पाण्याच्या पेल्याला दोघांनीही हात लावला नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. छापलेल्या अक्षरावर त्यांचा इतका विश्वास आहे की स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांना ते खरं वाटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे ही समजूत मला टोचायला लागली, पण तीच धरून राहिलो, कारण दुसरी शक्यता त्याहून वाईट होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली. काठीचा तास सुरू झाला नाही. दगडूबा परत कचेरीत आले नाहीत आणि शुक्रवारी टॉकीजलाही दिसेनासे झाले. सदर आणखी दोन वर्षं चाललं. पुढे कितीतरी मतं मी घरी बसून लिहिली. पहिल्यानंतर ते फार सोपं जातं.

यानंतर ते मला एकदाच दिसले, दहा-बारा वर्षांनी. मी तोवर दुसऱ्या, मोठ्या दैनिकात गेलो होतो. त्याच जुन्या टॉकीजला कुठलासा लहान मुलांचा सिनेमा लागला होता आणि मी पलीकडच्या दुकानातून बाहेर पडत होतो. पायऱ्यांवर ते उभे होते. केस पांढरे, पाठ पहिल्यापेक्षा वाकलेली, हाताशी सात-आठ वर्षांची नात. काठी नव्हती. मी रस्ता ओलांडून गेलो. पाय मागे ओढत होते, पण गेलो.

त्यांनी लगेच ओळखलं. "साहेब," म्हणाले, आणि हसले. पारूबाई बऱ्या आहेत, आपण आता निवृत्त झालो, नात सुट्टीत आली आहे, असं इकडचं तिकडचं सांगितलं. मी मूर्खासारखा जुनाच प्रश्न विचारला. "मग, कसा वाटला सिनेमा?"

"लई भारी!" नात म्हणाली. "आजोबा, तुमी बी सांगा ना."

मी वाट बघत होतो. ते पंजा दाखवतील, परवा सांगतो म्हणतील. मला ते दोन शब्द इतके हवे होते की मी श्वास रोखून धरला होता. दगडूबांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुमीच लिवा साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "माझ्या नावानं तुमी बरं लिवता." मग नात ऐकणार नाही इतक्या हळू म्हणाले, "त्या दिशी आतलं दार उघडं व्हतं. तुमचे ते साहेब ऐकत व्हते. म्या बघितलं व्हतं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या बुधवारीच माहीत होतं. मुलं गेली होती, शाळा दोन ओळींवर अडली होती, शेजारी बायको उभी होती, आणि या माणसानं माझी नोकरी वाचवायला स्वतःला बडबड्या ठरवून घेतलं होतं. मैदानावर मुलांना म्हणाले होते तसं, हसू नका, साहेब नवीन आहेत.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तुम्ही ते बोलला नव्हता, मी लिहिलं होतं. नातीच्या देखत, मोठ्यानं. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "घरी सगळ्यांना नमस्कार सांगा."

"सांगतो की," म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या तशी नातीनं धपकन खाली उडी मारली. "वाजली," ते म्हणाले. ती पोरगी निमूट मागे वळली, तीन पायऱ्या चढली आणि पुन्हा उतरली, चवड्यांवर, गुडघे वाकवून. या वेळी मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवली आणि दोघं बस स्टॉपकडे गेली.

मी पायरीवरच उभा होतो. परवा बजाजनगरला त्यांच्या घरी जाऊन सांगतो, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. अजून गेलेलो नाही.